घराचा दम

“दिवेलागण झाली की पुढचं दार सताड उघडायचं आणि मागचं लावून घ्यायचं. लक्ष्मी पुढून येते नि मागून निघून जाते. काही झालं तरी विसरायचं नाही हो, केतकी.”

सासूबाईंना, म्हणजे माईंना, जाऊन बरेच उन्हाळे लोटले होते. तरी समईची वात पुढे सारताना केतकीच्या कानात हा आवाज उमटायचाच, आणि हात आपोआप कडीकडे जायचे. त्या संध्याकाळीही गेले. अकोल्याबाहेरच्या त्या नव्या वसाहतीतली वीज सकाळीच गेली होती. ऊन कललं तरी पारा त्रेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता, आणि रस्त्याच्या सिमेंटमधून भट्टीसारखी धग येत होती. तिनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, दार उघडलं आणि देव्हाऱ्यापुढे बसून नेहमीचं स्तोत्र हळू आवाजात म्हणायला घेतलं.

“आली काय लक्ष्मी?” समोरच्या ओट्यावरून इंगळेआबांनी हाळी दिली. “का तिच्या घरची बी लाइन गेली?”

स्तोत्र संपवूनच केतकी उंबऱ्यापाशी आली. “येईल हो आबा. तुमचंही दार उघडंच आहे की.”

“म्या कुठी उघडलं? आमच्या सुनबाईनं उघडलं. तुमीच तं शिकवलं तिले, घरभरणीच्या दिवशी.”

ते खरं होतं. वसाहतीत नवं बिऱ्हाड आलं की केतकी खणानारळ घेऊन जायची, आणि निघताना दाराची गोष्ट सांगायची. ती कधी आवाज चढवून बोलत नसे, म्हणूनच की काय, बायका तिचं ऐकायच्या. आता दिवेलागणीला अख्ख्या गल्लीची पुढची दारं उघडी असत, आणि समया एकमेकींना दिसत.

“आई, दार लाव ना,” आतून ऋजुता म्हणाली. “माझं जाकीट सुकलं.”

“आरती होऊ दे. मग लावते.”

नऊ वर्षांच्या ऋजुताच्या अंगाला घाम येत नसे. जन्मतःच घामाच्या ग्रंथी नव्हत्या. इतर मुलं उन्हात खेळून चिंब होऊन घरी यायची, ही नुसती तापायची, तव्यासारखी. तिच्यासाठी कापडाचं एक जाकीट होतं, ते सतत ओलं ठेवावं लागे. शाळेत मुलं तिला बेडूक म्हणायची. तिनं ते नाव स्वतःच घेऊन टाकलं होतं. “बेडकाला पाणी द्या,” असं म्हणत ती माठाकडे जायची.

हे घर तिच्यासाठीच घेतलेलं होतं.

घर निवडायला ते नागपूरच्या प्रदर्शनात गेले होते, तो दिवस केतकीला लख्ख आठवत होता. तेव्हा प्रत्येक नव्या घराच्या दारावर पितळी पाटी लावणं सक्तीचं झालं होतं. पाटीवर दोन गोष्टी असत. एक म्हणजे पानं: घर बांधताना नि वापरताना पृथ्वीकडून किती घेतं, सिमेंट किती, पाणी किती, वीज किती, याचा हिशेब. घर जितकं कमी घेईल तितकी पानं जास्त. दुसरा आकडा तासांचा. बाहेर पंचेचाळीस अंश असताना वीज गेली, तर आतली हवा तिशी ओलांडायला किती तास लावते? कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं. लोक त्याला घराचा दम म्हणायचे.

“सात पानं, मॅडम!” स्टॉलवरची मुलगी सांगत होती. “पूर्ण काच, छतावर सोलर. अख्ख्या विदर्भात सात पानं आमचीच.”

“आणि दम?” केतकीनं विचारलं.

“नऊ तास. पण एवढा वेळ वीज जाते का कधी आता?”

तिच्या नवऱ्याला, नचिकेतला, सात पानांचं घर आवडलं होतं. तो सौर प्रकल्पावर काम करायचा, त्याला पानांचा अभिमान. “केतकी, एवढं स्वच्छ घर पुन्हा मिळणार नाही.”

“पानं आपण मिरवू. ऋजू कशावर जगेल?”

त्यांनी पाच पानांचं घेतलं. त्याचा दम साठ तासांचा होता. कारण त्याच्या भिंतीत मीठ होतं.

विटांच्या जागी चपटे डबे आणि डब्यांत एक प्रकारचं मीठ, असं ते बांधकाम. सव्वीस अंशांना ते मीठ वितळायचं. सरबतातला बर्फाचा शेवटचा तुकडा विरेपर्यंत सरबत गार राहतं ना, तसंच हे. मीठ वितळत असेतो बाहेरून आलेली उष्णता ते गिळत राहतं, आणि घर तापत नाही. पहाटे गार वारा छताजवळच्या झरोक्यांतून फिरला की मीठ पुन्हा गोठतं, पुढच्या दिवसाला तयार होतं. प्रत्येक भिंतीत बोटभर काचेची एक खिडकी ठेवलेली होती. गोठलेलं मीठ तिच्यातून पांढरंशुभ्र दिसे, आणि वितळलं की काच कोरी. ऋजुतानं या खिडक्यांना टिकल्या असं नाव दिलं होतं. पहिले काही महिने ती रोज सकाळी घरभर फिरून टिकल्या पाहायची. मग नव्याची नवलाई ओसरली.

वीजमंडळाचा नवा नियम या उन्हाळ्यातला. उष्णतेच्या लाटेत वीज पुरेनाशी झाली की ज्याच्या घराला दम जास्त, त्याची वीज आधी काढायची. ऐकताना केतकीला तो न्यायाचाच वाटला होता. आपल्या भिंतीत गारवा साठवलेला आहे, पत्र्याच्या घरात राहणाऱ्यानं काय करावं?

वीज गेल्यावर दुपारीच तिनं वीजकेंद्रात फोन लावून खात्री करून घेतली होती. तिथले अभियंता गवई दमलेल्या आवाजात म्हणाले, “ताई, मुलीचं समजतंय मला. पण तुमची पाटी साठ तासांची आहे. तुमची लाइन मी रेल्वेपलीकडच्या पत्र्याच्या घरांना दिलीय. तुम्हाला द्यायची तर तिथल्या कुणाची तरी तोडावी लागेल.”

“आणि पाटीवरचा आकडा खरा नसला तर?”

“तर घरमालकानं स्वतः इथं यायचं. घर वेगळ्या रीतीनं वापरलं म्हणून दम घटला, असं सांगितलं की मी जागच्या जागी आकडा उतरवतो. पण का उतरतोय, ते सांगायला हवं. नुसतं उकडतंय म्हणून चालत नाही. सगळ्यांनाच उकडतंय.”

तेव्हा केतकी हसली होती. आपल्याला कशाला लागतंय ते?

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिवाणखान्यातल्या तापमापकानं चौतीस दाखवलं.

केतकीनं तो भिंतीवरून काढून झटकला, पुन्हा लावला. चौतीस. साठ तासांतले निम्मेही झाले नव्हते. नचिकेत बुलढाण्याकडच्या प्रकल्पावर अडकलेला, आणि रात्रीपासून फोनचे मनोरेही बंद पडलेले. स्कूटरची बॅटरी तिनं ऋजुताच्या पंख्याला जोडून संपवली होती. आता पंखाही थांबला.

“आई.” ऋजुता सोफ्यावर आडवी होती. गाल लालबुंद. “बेडूक शिजला.”

केतकीनं तिच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. तिनं मुलीला न्हाणीघरात नेलं, अंगावर पाणी ओतलं. टाकीतलं पाणी कोमटाहून कढत होतं. तिनं माठातलं ओतलं. थोडा वेळ बरं वाटलं, पुन्हा अंग तापायला लागलं.

“भिंतीला टेकून बस, बाळा. भिंत गार असते.”

“नाहीये गार.”

नव्हतीच. बिल्डरनं फसवलं, हा पहिला विचार तिच्या मनात आला. नचिकेत गेले कित्येक महिने तेच म्हणत होता. विजेचा वापर थोडा थोडा वाढतोय, हवा गार करणाऱ्या यंत्राला जास्त राबावं लागतंय, मिठात काहीतरी भेसळ आहे. तिनं रागानं सोफा सरकवला आणि त्याच्यामागची टिकली पाहिली. कोरी. दाराशेजारची, कोरी. मधल्या भिंतीतली, देव्हाऱ्याच्या खोलीतली, कोरी. भेसळच. ती तशीच ऋजुताच्या झोपायच्या खोलीत गेली. तिथली टिकली खाली वितळलेली, वरच्या टोकाला मात्र पांढरी. स्वयंपाकघरात दाराकडची कोरी, ओट्याकडची अर्धी पांढरी.

केतकी थबकली. भेसळ असती तर सगळीकडे सारखी असती.

ती परत दाराशी आली आणि या वेळी सावकाश निघाली. उंबरा, दिवाणखाना, मधली भिंत, देव्हारा. कोऱ्या टिकल्यांची एक वाट आत गेली होती. ती वाट तिच्या ओळखीची होती. दिवाळीत ती याच वाटेवर रांगोळीची पावलं काढायची, उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत, बोटं आतल्या बाजूला.

ती वळून पुढच्या दाराकडे पाहू लागली.

रोज दिवेलागणीला दार उघडायचं. मागचं लावलेलं, म्हणजे आलेली हवा पलीकडे जाणार नाही, आतच कोंडणार. रस्ता दिवसभर तापलेला. हळदकुंकू, स्तोत्र, आरती, मग बायका यायच्या, प्रसाद, चार गोष्टी. तासभर तरी जायचाच. पूर्वी पहाटे झुळूक असायची, तिनं मीठ पुन्हा गोठलं असतं. पण आता पहाटाही उकडत्या झालेल्या, गारवा जेमतेम घटकाभर टिकायचा. दिवसाचं देणं रात्री फिटत नव्हतं. यंत्र चालू होतं तोवर हवा गार राहिली, आणि भिंती कधी रित्या झाल्या ते कुणाला कळलंच नाही. घराची परीक्षा घेणाऱ्यांनी रिकाम्या घरात, दारंखिडक्या बंद करून मोजलं असणार. साठ तास खरेच होते. फक्त त्या घरात कुणी दिवा लावत नव्हतं.

माईंच्या घराला समोर अंगण होतं, त्यावर सडा पडायचा, कडुलिंबाची सावली असायची. तिथून येणारा वारा गार असायचा. माईंचं काही चुकलं नव्हतं. केतकीनं त्यांचा शब्द उचलून आणला होता, अंगण आणलं नव्हतं.

“देवा,” ती पुटपुटली, “मला कुणीतरी सांगायचं होतं ना.”

ऋजुता न्हाणीघरातून हाक मारत होती. आवाज जड झालेला.

कुठे न्यायचं हिला? दवाखाना शहराच्या त्या टोकाला. रस्त्यावर नेलं तर वाटेतच... ती स्वयंपाकघराकडे धावली, तिथून पुढे. मागच्या दाराला लागून अडगळीची खोली होती. जुने डबे, गाद्या, माईंचं जातं. तिथं कुणी जातच नसे. मागचं दार तर कायम लावलेलं. तिनं खोली उघडली आणि टिकली पाहिली.

पांढरीशुभ्र.

गाद्या बाहेर ओढून तिनं ऋजुताला उचलून आत आणलं, उघड्या पाठीनं भिंतीशी बसवलं. ऋजुतानं डोळे मिटून लांब श्वास सोडला. “माठासारखी आहे गं,” ती म्हणाली. केतकी दार लावून तिथेच बसून राहिली. एवढीशी खोली, एवढंसं मीठ. किती पुरेल? नचिकेतनं एकदा आबांच्या ओट्यावर बसून गमतीनं सांगितलं होतं की माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, नुसता बसला तरी तेवढी उष्णता देतो. मग आपण इथं बसलोय, म्हणजे मुलीच्या वाटणीचा गारवा खातोय. ती गुपचूप उठली आणि बाहेर येऊन बसली.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

प्रणाली होती, समोरच्या घरातली, आबांची सून. कडेवर दोन महिन्यांचं बाळ. मागे आबा, डोक्यावर ओला पंचा. प्रणालीचा नवरा रुग्णवाहिका चालवायचा, परवापासून घरी आला नव्हता.

“ताई, हा दूध ओढत नाहीये. रडतही नाहीये. घर नुसतं पेटलंय. पाटीवर तर साठ तास लिहिलेत हो!” प्रणालीनं बाळाला पुढे केलं. “तुमच्याकडं तरी गार असेल, म्हणून...”

केतकीच्या मनात लखकन उत्तर आलं. नाही म्हण. आमच्याकडेही तसंच आहे म्हण, आणि दिवाणखाना दाखव. ते खोटंही नव्हतं. मागच्या खोलीत एक दिवा जळत होता. अजून दोन पेटले तर टिकली लवकर कोरी होईल. मुलगी तिची होती.

तिनं बाळाकडे पाहिलं. त्याची टाळू खोल गेली होती. बारशाला तिनंच त्याच्या कानात नाव सांगितलं होतं. आणि त्यांचं दार उघडायलाही तिनंच शिकवलं होतं.

“आत ये,” ती म्हणाली. “मागे. लवकर.”

प्रणाली बाळाला घेऊन आत गेली. ऋजुता जरा सरकली आणि भिंतीवरची आपली जागा तिनं बाळाला दिली. केतकी आबांकडे वळली. “तुम्हीही बसा आत.”

“म्या?” आबा दाराला टेकून दम घेत होते. “म्या मोठा बल्ब हाय, बाई. उगा मीटर पळवाले कशाले? इथंच बरा.”

“आबा, थट्टा नको. तुमचं वय—”

“वय झालं म्हणून तं म्हणतो. जा, माह्या नातवाले पाहा.” ते स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले आणि पंचा तोंडावर ओढून घेतला. थोड्या वेळानं पंच्याआडून आवाज आला, “पाच पानं हायेत तुमच्या घराले. तोडून एखादं डोक्यावर धरा, तेवढीच सावली.”

केतकीला हसू आलं नाही. तिनं त्यांच्या पायांवर पाणी शिंपडलं आणि काय झालं ते त्यांना सांगितलं. दार, टिकल्या, कोरी वाट, गवईंचं बोलणं, सगळं. सांगताना ती त्यांच्याकडे पाहू शकली नाही. आबांनी पंच्याआडूनच विचारलं:

“मंग आता?”

“केंद्रात जाऊन सांगते. मालकानंच जायचं असतं.”

“अन् पुरावा? काच काढून नेता?”

“कोरी काच काय सांगणार? आणि पांढरी नेली, तर फाटकापर्यंत पाणी होईल तिचं. तोंडानं सांगेन.”

“तुम्हाले लाइन देल्ली तं त्या पत्रेवाल्यायची जाईन.”

हेच तिला मघापासून खात होतं. गल्लीतल्या प्रत्येक घराचा दम असाच गेला असणार, सगळ्यांसाठी मागायला हवं. पण सगळ्यांना दिली तर रेल्वेपलीकडे किती पंखे थांबतील? तिथंही कुणाचं तरी दूध ओढेनासं होईल. देवापुढे बसून आपण कुणासाठी काय मागायचं? तिनं एकदा देव्हाऱ्याच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, “एकाच घराची मागते. अख्ख्या गल्लीत एका घराची. सगळे त्यात बसू, दाटीवाटीनं. जाताना दारं ठोठावून सांगते सगळ्यांना.”

“निम्म्यायले कुलपं हायेत. राह्यलेले येतीन.” आबांनी पंचा खाली केला. “पण बाई, आज तुमची निर्जळी एकादशी. सकाळपासून घोट नाही तुमच्या पोटात. तासाभराची वाट हाय, अन् हे ऊन.”

केतकी माठापाशी गेली. तळाला एक तांब्याभर पाणी उरलं होतं. त्यातलं अर्धं तिनं बाळासाठी नि ऋजुतासाठी बाजूला काढलं. उरलेलं भांड्यात घेऊन तिनं डोळे मिटले. लग्न झाल्यापासून हे व्रत तिनं एकदाही मोडलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा. नारायणा, हे पाणी माझं नाही, वाटेचं आहे, असं ती मनात म्हणाली आणि ते पिऊन टाकलं, घोट घोट, शेवटपर्यंत.

अडगळीच्या खोलीचं दार तिनं फटीएवढंच उघडलं. बाळ भिंतीला लावलेलं होतं. ते कुरकुरलं, बारीकसं, आणि प्रणालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. टिकली अजून पांढरी होती. तळाशी मात्र नखभर काच मोकळी दिसायला लागली होती.

“कुठे चाललीस?” ऋजुतानं विचारलं.

“वीज आणायला.”

“ती काय पिशवीत मिळते?” हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. “आई, जाऊ नको ना.”

“टिकली बघत बस. पांढरी आहे तोवर परत येते. कोरी व्हायच्या आत.”

“नक्की?”

“मी कधी शब्द मोडलाय का?”

ऋजुतानं नाही अशी मान हलवली. केतकीनं दार पुन्हा लावून घेतलं.

तिनं सुती पातळ भिजवून डोक्यावरून, मानेवरून घट्ट गुंडाळून घेतलं. आबांच्या पायांना हात लावला. ते जागे होते की नाही, कळलं नाही. छाती हलत होती. गल्लीतल्या उरलेल्या दारांवर थापा मारून तिनं निरोप दिला: आपापल्या घरी नको, आमच्या मागल्या अंगाला जमा, पण मी येईपर्यंत अडगळीच्या खोलीत शिरू नका. कुणी प्रश्न विचारले, कुणी नुसतंच पाहत राहिलं. ती थांबली नाही.

वसाहतीच्या कमानीपाशी सावली संपत होती. पुढे कालव्याचा सरळ रस्ता, हवा पाण्यासारखी हलणारी, आणि पार टोकाला वीजकेंद्राचे खांब, करंगळीएवढे. पातळाचा पदर एव्हाना सुकायला लागला होता. रोज चालताना तिच्या ओठांत नाम असायचं. आज तिथं गवईंना सांगायचं वाक्य होतं. ते कुठं अडखळू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, हलक्या आवाजात: साहेब, चूक घराची नाही, राहणारीची आहे. एका घरापुरती द्या.

मागे न पाहता ती उन्हात उतरली.